पूर्णविरामापर्यंतचा दम

स्टेनोसाहेबांना डोंगर चढायचा नव्हता. त्यांना फक्त जावयाची जिरवायची होती. वाटेत डोंगर आला, त्याला ते तरी काय करणार?

सगळं एका शब्दावरून पेटलं. रविवारी दुपारी मुलीकडे जेवण झालं होतं, ताटं उचलून झाली होती, आणि स्टेनोसाहेब नेहमीप्रमाणे बोलत होते. जावई नेहमीप्रमाणे गप्प होता. मग स्टेनोसाहेबांनी पाणी प्यायला पेला तोंडाला लावला, तेवढी फट साधून जावई म्हणाला, "पुढच्या महिन्यात डोंगरावर पळायची शर्यत आहे. मी व्यवस्था बघणाऱ्यांत आहे. तुम्ही पण या ना बाबा. चालत आलात तरी चालतं."

चालत! पेला खाली ठेवता ठेवता स्टेनोसाहेबांनी ठरवून टाकलं.

या माणसाला 'चालत' म्हणणं म्हणजे काय, हे जरा समजून घ्यायला हवं. स्टेनोसाहेब म्हणजे कोर्टातले निवृत्त लघुलेखक. वेग हीच त्यांची इस्टेट. न्यायाधीशांचं वाक्य संपायच्या आत यांचं लिहून झालेलं असायचं. एकदा एक न्यायाधीश निकाल सांगता सांगता मध्येच अडखळले आणि पुढचा शब्द यांच्या वहीत डोकावून त्यांनी पुरा केला, अशी एक दंतकथा होती. ती सांगणारे एकटे स्टेनोसाहेबच होते, पण दंतकथेला साक्षीदार लागत नाहीत. उभी हयात दुसऱ्यांचं बोलणं मुकाट्याने उतरवून घेण्यात गेल्यामुळे स्वतःचं बोलायचं सगळं आत साठून राहिलेलं. निवृत्तीनंतर धरणाची दारं उघडली. बायको होती तोवर निम्मं पाणी ती अडवायची. ती गेली, आणि आता फ्लॅटमध्ये अडवायला भिंतींखेरीज कोणी नव्हतं. चुकून कोणाचा राँग नंबर लागला तर त्या बिचाऱ्याची अर्ध्या तासाच्या आत सुटका होत नसे.

याउलट जावई. तो श्रवणतज्ज्ञ होता. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या खोलीत लोकांना बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, आणि बारीक बारीक आवाज सोडायचे, हा त्याचा धंदा. "ऐकू आलं की बोट वर करा," हे त्याचं दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य. स्टेनोसाहेबांनी पहिल्या भेटीतच त्याच्याबद्दल मनात एका शब्दात निकाल नोंदवून ठेवला होता: मंद. त्यावर अपील नव्हतं.

मुलगी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून आल्यावर तिला घरी मिटलेली तोंडं आवडत, असं तीच म्हणायची. स्टेनोसाहेबांना तो विनोद वाटे.

आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. काही महिन्यांपूर्वी मुलगी म्हणाली होती, "बाबा, तुम्ही आमच्याकडेच राहायला का येत नाही?" एवढं म्हणून ती लगेच हात धुवायला उठली. जावई समोर बसून पोळीचे तुकडे करत होता. हूं नाही की चूं नाही. स्टेनोसाहेबांनी त्या शांततेचं तिथल्या तिथे भाषांतर केलं: पोरीचा जीव तुटतोय, आणि या ठोंब्याला सासरा घरात नकोय. त्या दिवसापासून त्यांनी राहायला जायचं नाव काढलं नव्हतं. माणसाला काही मान आहे की नाही?

तर, नाव नोंदवायला गेल्यावर कळलं, की साठीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागतो. स्टेनोसाहेब घरच्या डॉक्टरांकडे गेले.

"कशासाठी हवाय दाखला?"

"पळायला."

"कोणाच्या मागे?" डॉक्टरांनी चष्मा वर केला.

पाऊण तास वाद झाला. शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलं, की सदर गृहस्थांस मी ओळखतो व ते आज माझ्या खोलीत चालत आले. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने तो कागद परत केला. 'सक्षम' हा शब्द हवा होता. स्टेनोसाहेब दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. या वेळी मजकूर त्यांनीच सांगितला, स्वल्पविरामांसकट. डॉक्टरांनी सही केली आणि खाली आपल्या हाताने बारीक अक्षरात 'रुग्णाच्या आग्रहाखातर' असं लिहिलं. हे दोन शब्द स्टेनोसाहेबांना फार लागले. आग्रह ठीक होता, रुग्ण कशाला?

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. सल्ल्याला कधी मोल पडत नाही, त्यामुळे तो पोत्याने आला. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, चढावर तोंडात लवंग धरायची. औषधांच्या दुकानदाराने गुडघ्याला लावायचं मलम दिलं आणि मग ते घोट्याला लावतात असं सांगितलं. पण सगळ्यात वजनदार सल्ला तळमजल्यावरच्या निवृत्त पीटी सरांचा. हे सर तरुणपणी धावण्यात जिल्ह्याला चौथे आले होते. पहिले तीन कोण, ते आता कोणाला आठवत नव्हतं. चौथा मात्र रोज फाटकापाशी भेटायचा.

"सुरुवातीलाच मुसंडी मारायची," सर म्हणाले. "मागच्यांना तुमची पाठ दिसली पाहिजे. पाठ दिसली की माणूस खचतो."

स्टेनोसाहेबांना हा सल्ला पटला, कारण तो त्यांना आधीच पटलेला होता.

बुटांच्या दुकानात विक्रेत्याने त्यांना लेस नसलेले, ताणून घालायचे बूट दिले. "या वयात वाकायला नको," असं तो म्हणाला. बूट चांगले होते म्हणून स्टेनोसाहेबांनी अपमान गिळला.

राहिला सराव. गावात चढ नव्हता. चढ होता तो फक्त इमारतीच्या जिन्याला. स्टेनोसाहेबांनी सकाळी खालपासून गच्चीपर्यंत आणि गच्चीपासून खालपर्यंत खेपा सुरू केल्या. आता, एक सुशिक्षित, वयस्कर गृहस्थ लिफ्ट सोडून जिन्याने धापा टाकत येतो-जातो, याचा सरळ माणूस काय अर्थ काढील? लिफ्ट बंद आहे, हाच. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी चौथ्यावर विचारलं, चौथ्याने सेक्रेटरींना फोन केला, आणि सेक्रेटरींनी लिफ्टचं बटण दाबून बघायच्या ऐवजी लिफ्टवाल्याला बोलावलं. लिफ्टवाला आला. त्याने धडधाकट लिफ्ट उघडली, आत काहीतरी सोडवलं, मान हलवली, आणि पुन्हा जोडलं. त्यानंतर लिफ्ट खरोखरच बंद पडली.

सुटा भाग यायला आठवडा लागला. तोवर सगळी इमारत स्टेनोसाहेबांबरोबर सराव करत होती. सातव्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन चढताना त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत, ती नजर कुठल्याही लघुलिपीत उतरवता आली नसती. शेवटी सूचनाफलकावर कागद लागला: 'जिन्याचा वापर केवळ जाण्या-येण्यासाठी करावा.' स्टेनोसाहेबांनी सेक्रेटरींना गाठून विचारलं, "मी जातो आणि येतो. याशिवाय मी जिन्यावर नेमकं काय करतो?" सेक्रेटरी फोन आल्यासारखं करून आत गेले. पण विजयाचा आनंदही झाला नाही. रात्री जेवताना त्यांना वाटलं, हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. ताटासमोर कोणी नव्हतं. त्यांनी ते ताटालाच सांगितलं.

शर्यतीचा दिवस उजाडला. तीन टेकड्या, मधल्या दोन खिंडी आणि मग खाली उतरून पुन्हा मैदान, असा रस्ता. दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर एक ठाणं होतं. अकराच्या आत ते ओलांडलं नाही तर छातीवरचा नंबर काढून घेणार आणि शर्यत तिथेच संपणार, असा नियम सकाळी भोंग्यावरून वाचून दाखवला. स्टेनोसाहेबांनी तो इतरांसाठी आहे असं समजून सोडून दिला.

जावई नारिंगी जाकीट घालून गर्दीच्या पार मागे उभा होता. त्याच्याकडे शेपटाचं काम होतं. म्हणजे सगळ्यात शेवटच्या माणसाच्याही मागून चालायचं, कोणी मागे राहात नाही ना ते बघायचं, आणि वाट दाखवायला झुडपांवर बांधलेल्या फिती सोडवत जायचं. स्टेनोसाहेबांना हे ऐकून समाधान वाटलं. निसर्ग ज्याची त्याची जागा दाखवतोच.

"बाबा, एक सांगू?" जावई म्हणाला. "पहिल्या टेकडीवर—"

"निकालानंतर भेटू, जावईबापू," स्टेनोसाहेब म्हणाले आणि पुढे घुसले.

शिट्टी वाजली. स्टेनोसाहेबांनी मुसंडी मारली. खरं सांगायचं तर पहिली काही मिनिटं फार सुंदर होती. सपाट पाऊलवाट, दवाने ओलं गवत, आणि आपल्याला मागे टाकू न शकणारी तरुण पोरं. एका वळणावर फोटोवाला बसला होता, त्याला त्यांनी हात केला. पुढे दोन साठीच्या आसपासच्या बायका गुडघ्यांवर हात टेकवत, निवांत चढत होत्या. "तर नणंद म्हणाली, स्वयंपाकघराची भिंत पाडू या," एक सांगत होती. शर्यतीत भिंतीच्या गप्पा! स्टेनोसाहेब त्यांना ओलांडून गेले आणि मनात म्हणाले, घ्या, बघा पाठ.

टेकडी अजून अर्धीही झाली नव्हती, तोच पाठीचं काम संपलं. आधी पोटऱ्या कुरकुरल्या. मग छातीत कोणीतरी टाइपरायटर बडवायला लागलं. ज्यांना ज्यांना त्यांनी मागे टाकलं होतं, ते जवळजवळ सगळे एकेक करून शेजारून निघून गेले, आणि जाताना प्रत्येक जण "छान काका, छान!" असं म्हणून गेला. शिव्या परवडल्या. पहिला माथा कसाबसा गाठून ते खिंडीत उतरले आणि दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी एका दगडावर बसले. त्या दोन बायका आल्या. "आणि भिंत पाडल्यावर कळलं, की पाण्याचा नळ त्याच भिंतीतून जातोय," असं एक दुसरीला सांगत होती. आवाजात धाप नव्हती. त्या चढ चढून गेल्या, आणि नळाचं पुढे काय झालं ते स्टेनोसाहेबांना कळलं नाही.

मग बराच वेळ कोणीच आलं नाही. वारा तेवढा होता. आणि मग खालून नारिंगी जाकीट दिसलं. खांद्यावरच्या झोळीत लाल फितींचा गुंता.

स्टेनोसाहेब चटकन वाकले. "लेस बांधतोय," ते म्हणाले.

जावयाने बुटांकडे पाहिलं. बुटांना लेस नव्हती. "बांधा," तो म्हणाला, आणि शेजारच्या झुडपाची फीत अगदी सावकाश सोडवायला लागला.

हे 'बांधा' स्टेनोसाहेबांच्या जिव्हारी लागलं. हसला असता तर भांडता आलं असतं. ते ताडकन उठले आणि चढाला लागले. दहा पावलांत पुन्हा टाइपरायटर.

"बाबा," मागून आवाज आला, "चढावर वेग घड्याळाने नाही मोजायचा. बोलून मोजायचा. एक पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. मध्ये धाप लागली, तर तुम्ही जोरात चाललाय."

"पुरं... म्हणजे?"

"पूर्णविरामापर्यंत."

पूर्णविराम हा शब्द ऐकून स्टेनोसाहेब थबकले. एवढी शास्त्रशुद्ध गोष्ट हा माणूस बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी वेग उतरवला आणि मोजायला वाक्य शोधलं. जे पहिलं सापडलं ते तोंडातून बाहेर पडलं: "उभय पक्षांचे म्हणणे ऐकून व दाखल पुरावा पाहून, सदर दावा खर्चासह... फेटाळण्यात..."

"अजून थोडं हळू."

"...फेटाळण्यात येत आहे." पूर्णविराम आला. दम उरला होता.

अशा रीतीने त्या टेकडीवर त्या सकाळी किती दावे फेटाळले गेले कोण जाणे. एक जामीनही मंजूर झाला. कौतुकाची गोष्ट अशी, की पाय चालत राहिले. सरळ उभा चढ आला की पावलं इतकी लहान करायची, की वाक्य तुटू नये. सपाटी आली की वाक्याबरोबर पाऊलही लांबवायचं. आयुष्यभर ते वाक्यांच्या मागे धावले होते. वाक्याला आपल्यामागून चालत यायला लावता येतं, हे त्यांना नवीन होतं.

पण कोर्टाची भाषा माणसाला कितीशी पुरणार? माथा अजून बराच वर होता आणि वाक्यं संपली. नुसतं गप्प चालावं, तर वेगाचा अंदाज कसा येणार? काहीतरी बोलायलाच हवं. आणि बोलायला त्या डोंगरावर एकच माणूस होता.

"जावईबापू," स्टेनोसाहेब शेवटी म्हणाले, "एक स्पष्ट सांगून टाकतो. मी तुमच्याकडे राहायला येणार नाही."

"बरं," जावई म्हणाला.

"तुमची अडचण मी समजू शकतो. पण तिला वाईट वाटेल, तेवढं तुम्ही सांभाळून घ्या."

जावयाने शेजारच्या झुडपाची फीत सोडवून झोळीत टाकली. मग म्हणाला, "तिला नाही वाईट वाटणार, बाबा."

"म्हणजे?"

"ती नकोच म्हणत होती. मीच मागे लागलो होतो. शेवटी मी म्हटलं, तू नुसतं विचार तर, म्हणून तिने विचारलं."

स्टेनोसाहेब थांबले. दमामुळे नाही. दम भरपूर होता. वाक्य मात्र एकही सापडेना. एका बाजूला दरी होती, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडूप, आणि मध्ये ते उभे. मुलगी हात धुवायला उठली होती तो क्षण त्यांनी पुन्हा डोळ्यांपुढे आणला. भाषांतर उलटं वाचलं होतं. साक्ष बरोबर उतरवून घेतली होती, पण साक्षीदार चुकीचा धरला होता.

"का नको म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"सांगू?"

"आता सांगायचं काय शिल्लक ठेवलंत?"

"ती म्हणते, बाबा बोलत असले, की मला पुन्हा शाळेत असल्यासारखं वाटतं. काही विचारायला तोंड उघडलं, की तुमचं उत्तर आधीच सुरू झालेलं असतं." जावयाने झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "प्रेम नाही असं नाही, बाबा. खूप आहे. दुरून जरा जास्त आहे."

वारा सुटला होता. खालच्या खिंडीत कोणा गुराख्याची शिट्टी वाजली. किती वेळ ते तिथे उभे होते, ते दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं. जावयाने एकदा मनगटाकडे पाहिलं. घाई मात्र केली नाही.

ठाणं म्हणजे एक टेबल, पाण्याचं पिंप, केळ्यांची सालं आणि छत्रीखाली बसलेल्या एक करारी बाई. अकरा वाजून गेले होते. फार नाही, चार-सहा मिनिटं. बाईंनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग म्हाताऱ्या माणसाकडे, मग जावयाकडे.

"हे तुमचे कोण?"

"सासरे."

"अरे देवा!" बाई विरघळल्या. त्यांनी घड्याळावर रुमाल टाकला. "जाऊ दे. आत्ताच अकरा होतायत असं समजू. पटकन पुढे काढा त्यांना."

स्टेनोसाहेबांच्या मनात उजेड पडला. म्हणजे रस्ता होता. पुढची टेकडी होती, मैदान होतं, आणि पीटी सरांना फाटकापाशी सांगायला गोष्ट होती. त्यांनी जावयाकडे पाहिलं. नुसती मान हलवायची होती त्याने. एरवी हा माणूस दुसरं करतो काय?

"नंबर द्या, बाबा," जावई म्हणाला.

"चार मिनिटांसाठी?"

"पुढची टेकडी तिन्हींत अवघड आहे. मघाशी तुम्ही थांबलात तेव्हा तुमचे पाय थरथरत होते. मी बघत होतो."

"ती थरथर वेगळी होती!"

"असेल. मला दोन्हींतला फरक सांगता येत नाही. म्हणून नंबर द्या."

स्टेनोसाहेबांनी छातीवरच्या टाचण्या सोडवल्या. तिसरी बोटात घुसली. रक्ताचा थेंब आलेला जावयाने बघावा अशी त्यांची फार इच्छा होती. त्याने बघितला आणि खिशातून पट्टी काढून दिली. अशा माणसाशी भांडणार तरी कसं? कापडाचा तो चौकोन टेबलावर पडला तेव्हा त्यांना निवृत्तीच्या दिवशी कोर्टातलं ओळखपत्र परत केलं होतं ते आठवलं. तेव्हाही लोक टाळ्या वाजवत होते. त्या बाईंनीही वाजवल्या.

शर्यत सोडणाऱ्यांसाठी जीप होती. पण जीपमध्ये आधीच मुसंडी मारणारे पाच-सहा तरुण हिरवट चेहऱ्याने पडले होते, आणि त्यांच्यातल्या एकाच्या मांडीवर बादली होती. स्टेनोसाहेब म्हणाले, मी चालत उतरेन. शब्द तोंडातून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. पुढच्या टेकडीसाठी शेपटाचा दुसरा माणूस तयार होता. जावयाने झोळी त्याच्याकडे दिली आणि तोही सासऱ्यांबरोबर गाडीवाटेने खाली निघाला.

उताराला एक वेगळंच झालं. जिन्याच्या खेपा स्टेनोसाहेबांच्या पायांत होत्या. ते आखूड पावलांनी टकाटक उतरत होते. जावई लांब ढांगा टाकायचा. एका वळणावर सुटी खडी आली, त्याचा पाय घसरला, घोटा आत वळला, आणि तो खाली बसला.

"अरे! सांभाळ!" स्टेनोसाहेब मागे धावले. "कुठे लागलं तुला? पाय सरळ कर. हलव बोटं. हलतात?"

हलत होती. मोडलं नव्हतं, पण पायावर भार देता येईना. स्टेनोसाहेबांनी त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. उभं राहिल्यावर त्यांना कळलं, की हा माणूस आपल्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे. इतक्या वर्षांत इतक्या जवळ ते कधी उभेच राहिले नव्हते.

"आता तू बोलायचं," स्टेनोसाहेब म्हणाले. "दुखण्याकडे लक्ष जायला नको. पुरी वाक्यं. धाप लागली की मी हळू होईन."

"मला बोलता येत नाही, बाबा."

"मघाशी बरं आलं! मला एवढंच सांग, तिला नको होतं, तर तू कशाला मागे लागलास? मी तर तुझ्याशी कधी धड दोन शब्द बोललो नाही."

"माझ्याशी नाही, पण बोलत असता ना."

मग जावई बोलायला लागला. तुकड्या-तुकड्यांनी, प्रत्येक पावलाला ओठ चावत. त्याच्या लहानपणी घरात कोणी बोलायचं नाही. भांडण वगैरे नव्हतं. नुसतंच बोलायचे नाहीत. जेवताना पंख्याचा आवाज. अभ्यासाला बसलं की पंख्याचा आवाज. बारीक आवाज ओळखायची सवय त्याला तिथे लागली, आणि पुढे तोच धंदा झाला.

"माझ्याकडे लोक येतात, बाबा. म्हणतात, हल्ली ऐकू येत नाही. मी तपासतो. काही जणांचे कान चांगले निघतात. अगदी बारीक आवाजालासुद्धा बोट वर करतात. मग मी विचारतो, घरी कोण कोण असतं? तर कोणीच नसतं. त्यांना ऐकू येतं. ऐकू येण्यासारखं काही नसतं, एवढंच."

स्टेनोसाहेबांनी त्याला एका खड्ड्याच्या कडेने वळवून नेलं.

"तुम्ही आलात की आमच्या घरात आवाज असतो," जावई म्हणाला. "मला ते आवडतं. आणि तुमच्या घरी तुम्ही कोणाशी बोलत असाल, असा मी विचार करत होतो."

एक बैलगाडी जाईल एवढीच वाट होती आणि दोघं तिच्यावरून तीन पायांनी उतरत होते. स्टेनोसाहेबांना ताटाचं सांगावंसं वाटलं. त्यांनी सांगितलं नाही. पण जावयाचा हात खांद्यावर नीट ओढून घेतला, आणि पावलं आणखी लहान केली. याचं वाक्य तुटत होतं, म्हणून.

मैदानात बक्षिसं वाटून झाली होती, खुर्च्या उचलणं चाललं होतं. दोघांना न्यायला आलेली मुलगी मैदानाच्या फाटकापाशी उभी होती. आधी तिला वाटलं वडील लंगडतायत. मग दिसलं नवरा लंगडतोय. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात हात घालून येतायत हे दिसलं, तेव्हा ती खरोखर घाबरली.

"काय झालं? बाबा, नंबर कुठाय तुमचा?"

"ह्याने काढून घेतला," स्टेनोसाहेब म्हणाले. "बरोबर केलं. घोट्याला बर्फ आण आधी."

बर्फ लावून झाला. स्टेनोसाहेब तिच्या शेजारी उभे राहिले. सांगायचं भाषण त्यांनी उतारावरच तयार केलं होतं. त्याला प्रस्तावना होती, मुद्दे होते. ते सगळं सोडून ते म्हणाले, "मी तुमच्याकडे राहायला येत नाहीये. तू नको म्हणालीस ते बरोबर आहे."

मुलीने नवऱ्याकडे रागाने पाहिलं. नवरा बर्फाकडे बघत होता. "बाबा, मी तसं..." ती म्हणाली आणि थांबली.

पूर्वीचे स्टेनोसाहेब असते, तर तिचं वाक्य त्यांनी पुरं करून दिलं असतं. ते थांबले. थांबणं चढापेक्षा अवघड होतं.

"...तसं नव्हतं म्हणायचं," तिने हळूहळू वाक्य जुळवलं. "मला तुम्ही हवे असता. पण मला माझं बोलायला पण जागा हवी असते."

"हं," स्टेनोसाहेब म्हणाले. हे त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात लहान वाक्य असावं. मग म्हणाले, "तुझा दवाखाना उशिरापर्यंत असतो ना आठवड्यातून एकदा? त्या संध्याकाळी मी येत जाईन. ह्याच्याशी बोलायला. तू यायच्या आत निघेन."

"निघायचं कशाला," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, म्हणून ती उगाच किल्ल्या शोधायला लागली. किल्ल्या तिच्या हातातच होत्या.

गाडी मुलीने चालवायला घेतली. मागच्या सीटवर जावई पाय लांब करून बसला आणि घोटा दुखू नये म्हणून त्याचा पाय स्टेनोसाहेबांनी आपल्या मांडीवर घेतला. जावयाचा पाय सासऱ्याच्या मांडीवर, ही गोष्ट कोणाला सांगितली असती तर खरी वाटली नसती, म्हणून तिघांनीही तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पहिली वळणं शांततेत गेली. स्टेनोसाहेबांच्या ओठांवर चार-पाच गोष्टी येऊन परत गेल्या. आपल्याला जमतंय, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

"बाबा," जावई म्हणाला, "काहीतरी बोला ना."

स्टेनोसाहेबांनी आरशात मुलीकडे पाहिलं. तिने रेडिओकडे नेलेला हात मागे घेतला.

"काय बोलू?" ते म्हणाले. "बरं. एकदा आमच्या कोर्टात एका बोकडाचा खटला उभा राहिला. दोन शेजारी, दोघंही म्हणतायत बोकड माझा. शेवटी न्यायाधीश म्हणाले, बोकडालाच हजर करा. आणलं त्याला. तर तो आला तो थेट माझ्या टेबलापाशी, आणि..."

"बोकड नव्हता, बाबा," मुलगी समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून म्हणाली. "शेळी होती. आणि टेबलापाशी नाही आली. आधी वकिलाची टोपी खाल्ली तिने, मग तुमच्याकडे आली."

"तुला कसं माहीत?" जावयाने विचारलं.

"मला माहीत नसेल तर कोणाला! मी सांगते ऐक. ते दोन शेजारी होते ना..."

आणि ती सांगायला लागली. स्टेनोसाहेब एकदा म्हणणार होते, की टोपी वकिलाची नव्हती, शिपायाची होती. ते गप्प राहिले, मांडीवरच्या घोट्यावर बर्फाची पिशवी नीट धरली, आणि तिचं वाक्य संपायची वाट बघत बसले.